रिकामी कबर आणि मयिलापूरची माती

येशूच्या पुनरुत्थानाचा सर्वांत जुना तपशीलवार उल्लेख चारपैकी कोणत्याही शुभवर्तमानात नाही. तो पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. हे पत्र इ. स. 54 च्या आसपासचे. येशूला वधस्तंभावर दिल्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. पौल तिथे कथा सांगत नाही, यादी देतो. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला. त्यानंतर तो केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी, मग याकोबाला, सगळ्या प्रेषितांना आणि अखेर स्वतः पौलाला. ही यादी आपण रचलेली नाही, आपल्याला जशी मिळाली तशी पुढे देत आहोत, असे पौल आवर्जून सांगतो. म्हणजे ती पत्राहूनही जुनी आहे.

या यादीत जे नाही तेही महत्त्वाचे आहे. कबर रिकामी सापडल्याचे पौल म्हणत नाही. एकाही स्त्रीचे नाव घेत नाही. देवदूत नाहीत, बाजूला लोटलेली धोंड नाही, कोणी कोणाला हात लावत नाही. येशू दिसला, एवढेच. पाचशेंपैकी बरेच जण अजून हयात आहेत, ही जोड मात्र पौल देतो. ज्याला खात्री करायची आहे त्याने जाऊन विचारावे, असा त्यामागचा रोख दिसतो. सर्वांत जुन्या थरात पुनरुत्थानाचा पुरावा म्हणजे जिवंत माणसांची साक्ष.

मेलेली माणसे उठणार ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. दानीएलाच्या पुस्तकात ती इ. स. पूर्व 165 च्या सुमारास स्पष्ट उमटली. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात हाल हाल करून मारले जाणारे सात भाऊ त्याच आशेवर प्राण देतात. यहूद्यांतल्या परूशी पंथाला ती मान्य होती, सदूक्यांना अमान्य. पौल मुळात परूशी होता. पण या आशेचा विषय युगाचा शेवट हा होता: त्या दिवशी सगळे एकदम उठतील आणि सगळ्यांचा न्याय होईल. इतिहास नेहमीसारखा चालू असताना एकच माणूस आधी उठला, हा दावा मात्र नवा होता. असा दावा करणाऱ्यांना पुरावा मागितला जाणे ओघानेच आले. पुढच्या पन्नास वर्षांतल्या ग्रंथांत त्या मागणीचे पडसाद ऐकू येतात.

मार्काचे शुभवर्तमान इ. स. 70 च्या आसपासचे. त्यात कबर प्रथमच पुढे येते आणि तिच्याबरोबर स्त्रियाही येतात. रविवारी पहाटे मरीया मग्दालिया आणि आणखी दोघी सुगंधी द्रव्ये घेऊन जातात, कबर उघडी दिसते, पांढऱ्या वस्त्रातला एक तरुण निरोप देतो आणि त्या घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत मार्क इथेच संपतो. उठलेला येशू तिथे कोणालाच भेटत नाही. आजच्या बायबलांत पुढे ज्या बारा ओव्या छापलेल्या असतात, त्या नंतर कोणी तरी जोडल्या, यावर अभ्यासकांचे जवळजवळ एकमत आहे. ग्रंथ असा भेदरलेल्या मौनावर संपलेला वाचकांना सहन झाला नाही, हे त्या जोडीवरून कळते.

मत्तयाला वेगळीच अडचण निस्तरायची होती. शिष्यांनी रात्री प्रेत पळवले, असा प्रवाद त्याच्या काळी पसरलेला होता आणि तो प्रवाद मत्तय स्वतःच नोंदवतो. त्याला उत्तर म्हणून कबरेवर शिक्कामोर्तब केल्याचे आणि पहारा बसवल्याचे प्रकरण फक्त त्याच्याच शुभवर्तमानात येते. रिकामी कबर एकटी काहीच सिद्ध करत नाही, हे त्याने ओळखले होते. कबर रिकामी होण्याची कारणे अनेक असू शकतात. प्रेतचोरीचा हा आरोप लक्षात ठेवावा. दीडशे वर्षांनी तो एका ख्रिस्ती ग्रंथातच उलटा होऊन परत येतो.

लूक आणखी पुढे जातो. त्याच्याकडे उठलेला येशू अम्माऊसच्या वाटेवर दोघांबरोबर चालतो, त्यांना ओळखू येत नाही, भाकर मोडताना ओळखू येतो आणि लगेच दिसेनासा होतो. मग यरुशलेमात शिष्यांना भूत पाहिल्यासारखे वाटते. तेव्हा तो हातपाय दाखवतो, भुताला हाडेमांस नसतात असे सांगतो आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खातो. इथे लूक आणि पौल यांच्यात उघड ताण आहे. करिंथकरांच्या त्याच पत्रात पौलाने निक्षून सांगितले होते की मांस आणि रक्त देवाच्या राज्याचे वारस होऊ शकत नाहीत. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांत जेवढे अंतर, तेवढे पुरलेल्या देहात आणि उठलेल्या देहात आहे, असे तो मानतो. त्याच्या मते उठलेला देह आत्मिक असतो. दोघांत मेळ घालण्याचे प्रयत्न दुसऱ्या शतकापासून झाले आणि अजूनही होतात. पण दोघे दोन वेगळ्या श्रोत्यांशी बोलत होते, हे मान्य केले की ताण समजतो. करिंथच्या लोकांना प्रेत उठून चालू लागते ही कल्पनाच ओंगळ वाटत होती, म्हणून पौल देहाला विरळ करतो. लूकाच्या श्रोत्यांना शिष्यांना भास झाला असावा असे वाटत होते, म्हणून लूक देहाला जड करतो. परंपरा शंकेच्या दिशेने वाढते. ज्या बाजूने प्रश्न येतो, त्याच बाजूला नवा तपशील फुटतो.

ही वाढ योहानाच्या विसाव्या अध्यायात कळसाला पोहोचते. तो पहिल्या शतकाच्या अखेरचा ग्रंथ आहे. दारे बंद असतानाही येशू आत येतो, म्हणजे देह विरळ आहे. तो जखमा दाखवतो, म्हणजे देह जड आहे. बारा शिष्यांपैकी थोमा त्या वेळी हजर नसतो. खिळ्यांच्या खुणांत बोट आणि कुशीत हात घातल्यावाचून आपण विश्वास ठेवणार नाही, असे तो इतरांना सांगतो. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो आणि त्याला तसेच करायला सांगतो. थोमा हात लावतो का? योहानाने ते लिहिलेले नाही. थोमा फक्त बोलतो आणि येशूला आपला प्रभू, आपला देव म्हणतो. त्यावर न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असा निर्वाळा येतो. कारावाज्जोने सतराव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत खोल गेलेले दिसते. ते चित्रकाराचे म्हणणे आहे, योहानाचे नाही.

थोमा हा भेकड किंवा कोरडा संशयी नाही, हेही योहानाने आधीच सांगून ठेवले आहे. येशू ज्याला पुढे उठवतो तो लाजार मेल्याची बातमी येते आणि यहूदियात परतणे जिवावर बेतणारे असते, तेव्हा आपणही येशूबरोबर मरायला जाऊ असे म्हणणारा थोमाच असतो. मरायची तयारी असलेल्या माणसाच्या तोंडी स्पर्शाची मागणी घालून ती मागणी पुढच्या पिढ्यांपुरती बंद करणे, असे योहानाचे कथन-कौशल्य आहे. त्याचे वाचक बहुतेक येशूच्या मृत्यूनंतर जन्मलेले किंवा वाढलेले होते. पौलाने ज्या साक्षीदारांकडे बोट दाखवले होते, ते आता उरले नव्हते. पाहण्याची आणि चाचपण्याची सोय संपली होती. न पाहणाऱ्यांना धन्य म्हणण्यावाचून योहानाकडे दुसरा मार्ग नव्हता.

नंतरच्या ख्रिस्ती परंपरेने हा निर्वाळा तोंडाने मान्य केला आणि व्यवहारात मोडला. दुसऱ्या शतकातल्या प्रेषितांच्या पत्रात, जे संपूर्ण रूपात इथिओपियाच्या गीझ भाषेत टिकले, एकट्या थोमाला नव्हे तर पेत्र आणि अंद्रियालाही तपासणीला बोलावले जाते: एकाने हात पाहावेत, एकाने कूस, एकाने पाय जमिनीला टेकतात की नाही ते. इजिप्तमध्ये अखमीम येथे 1886-87 साली सापडलेल्या पेत्राच्या शुभवर्तमानात तर पुनरुत्थानाचा क्षणच दाखवला आहे: पहारेकरी बघत असताना आभाळाला टेकणाऱ्या उंचीच्या आकृती कबरेतून बाहेर पडतात आणि मागून येणारा क्रूस बोलतो. मान्य चार शुभवर्तमानांपैकी एकानेही हा क्षण दाखवण्याचे धाडस केलेले नाही. याउलट 1945 साली नाग हम्मादीला सापडलेल्या थोमाच्या शुभवर्तमानात 114 वचने आहेत, पण ना वधस्तंभावरचे मरण, ना कबर. त्यातला येशू केवळ जिवंत आहे. तो कसा उठला याची चौकशी त्या ग्रंथाला करावीशीच वाटत नाही. एकाच थोमाच्या नावावर एकीकडे सर्वांत देहनिष्ठ कथा आणि दुसरीकडे देहाविषयी संपूर्ण बेफिकिरी, हे आरंभीच्या परंपरेच्या अनेकपणाचे बोलके उदाहरण आहे.

इथून परंपरा भारताकडे वळते. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एडेसा (आजच्या तुर्कस्तानातले शान्लिउर्फा) परिसरात सुरियानी भाषेत थोमाची कृत्ये हा ग्रंथ तयार झाला. हिंदुस्थान वाट्याला आला म्हणून थोमा जायला नकार देतो, तेव्हा येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो. थोमा गुंदाफर राजाकडे सुतार म्हणून येतो. राजवाडा बांधण्यासाठी मिळालेले पैसे गोरगरिबांना वाटून टाकतो आणि वाडा स्वर्गात बांधल्याचे सांगतो. राजाचा भाऊ गाद मरतो, तो वाडा पाहून पुन्हा जिवंत होतो आणि थोमाचे प्राण वाचतात. गुंदाफर हा नुसता कथेतला राजा नाही. त्याची नाणी एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे मोठ्या संख्येने मिळाली आणि तख्त-ए-बाहीच्या शिलालेखावरून तो इ. स. 46 च्या सुमारास राज्य करत होता असे धरतात. राजा खरा होता म्हणून कथा खरी ठरत नाही. एवढेच ठरते की तिसऱ्या शतकातल्या लेखकाकडे पहिल्या शतकातले एक खरे नाव पोहोचले होते.

या ग्रंथात मेलेली माणसे वारंवार उठतात: सर्पाने मारलेला तरुण, प्रियकराने ठार केलेली स्त्री. ग्रंथाचे खरे महत्त्व शेवटच्या पानांत आहे. मज्दाई नावाच्या दुसऱ्या राजाच्या हुकमाने चार सैनिक थोमाला भाल्यांनी मारतात आणि त्याला जुन्या राजांच्या कबरेत ठेवले जाते. दोन अनुयायी कबरेपाशी बसून राहतात. थोमा त्यांना दिसतो आणि आपण इथे नाही, राखण कशाला करता, असे विचारतो. येशूच्या कबरेवरच्या देवदूताचे बोलणे इथे थोमाच्या तोंडी आले आहे. पुढे मज्दाईच्या मुलाला पिशाचबाधा होते. राजा थोमाचे हाड मिळवण्यासाठी कबर उघडतो, तर हाडे नाहीत. अनुयायांपैकी एकाने ती गुपचूप पश्चिमेकडे नेलेली असतात. मत्तयाने ज्या आरोपाचे खंडन करण्यासाठी पहारेकरी बसवले, तो आरोप इथे ख्रिस्ती लेखक बिनदिक्कत मान्य करतो. होय, शिष्यांनीच नेले. फरक एवढाच की येशूच्या बाबतीत देह नाहीसा होणे हा विश्वासाचा गाभा होता आणि थोमाच्या बाबतीत हाडे एडेसात असणे हा त्या शहराच्या अभिमानाचा. चौथ्या शतकात कवी एफ्राइम त्या अवशेषांचे गुणगान करतो आणि 384 च्या सुमारास एजेरिया नावाची यात्रेकरू एडेसाला थोमाच्या स्मारकाचे दर्शन घेते. तेराव्या शतकात हे अवशेष इटलीतल्या ऑर्तोना इथे पोहोचले.

मज्दाई रिकाम्या हाताने परतत नाही. हाडे जिथे ठेवली होती तिथली माती तो मुलाला लावतो आणि मुलगा बरा होतो. जिवंतपणी विश्वास ठेवला नाहीस, आता मेलेल्यावर ठेवतोस काय, असे थोमा त्याला ऐकवतो, पण माती आपले काम करते. स्पर्शाची जी मागणी योहानाने बंद केली, ती थोमाच्याच कबरेत मातीच्या रूपाने पुन्हा उघडली.

ही कबर चेन्नईच्या मयिलापूरची, असे परंपरा म्हणते. थोमाची कृत्ये मात्र मयिलापूरचे नाव घेत नाहीत. मज्दाई हे नाव इराणी वळणाचे आहे आणि त्याच्या राज्याची जागा ग्रंथावरून नकाशावर दाखवता येत नाही. थोमा इ. स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि 72 मध्ये मयिलापूरला मारला गेला, ही केरळच्या ख्रिस्ती लोकांची परंपरा पक्की आहे, पण तिचा लेखी आधार फार उशिराचा आहे. सहाव्या शतकात फ्रान्समधला बिशप ग्रेगरी थोमाचा देह प्रथम जिथे विसावला त्या हिंदुस्थानातल्या स्थळाबद्दल लिहितो, ठिकाणाचे नाव देत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वृत्तांतात मात्र कोरोमंडळ किनाऱ्यावरची कबर स्पष्ट आहे. तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही यात्रेला येतात, थोमा मेला तिथली तांबडी माती घेऊन जातात आणि तापकऱ्यांना पाण्यातून देतात. पोलोने ऐकलेल्या कथेत थोमाला भाला लागत नाही, मोरांवर सोडलेला बाण चुकून लागतो. मयिलापूर म्हणजे मोरांचे गाव. गावाच्या नावानेच कथेला वळण दिले असावे. हजार वर्षांत मारेकरी, हत्यार आणि कारण सगळे बदलले. माती तेवढी तशीच राहिली.

पोर्तुगीज आले आणि गोष्ट पुन्हा हाडांवर आली. 1523 च्या सुमारास त्यांनी कबर उकरली. हाडे, भाल्याचे टोक आणि मातीने भरलेले भांडे सापडल्याचे त्यांनी नोंदवले. हाडे जर एडेसाला गेली होती, तर मयिलापूरला कुठून आली, याला काही अवशेष मागे राहिले असतील, असे उत्तर दिले जाते. श्रद्धेला ते पुरते, इतिहासाला पुरत नाही. 1547 साली शहराच्या नैर्ऋत्येला परंगीमलै टेकडीवर, म्हणजे सेंट थॉमस माउंटवर, चर्चसाठी खोदताना कोरीव क्रूसाची शिळा मिळाली. तिच्यावरचे डाग थोमाच्या रक्ताचे मानले गेले. 1558 पासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती शिळा अधूनमधून घामाघूम होते असे लोक सांगत. तिच्या कडेने पहलवी लिपीतला लेख आहे. ए. सी. बर्नेल यांनी 1873 साली त्यावर पहिला गंभीर अभ्यास प्रसिद्ध केला. शिळा सातव्या ते नवव्या शतकातली मानतात, म्हणजे प्रेषिताच्या काळाची नक्कीच नाही. ती इराणशी जोडलेल्या पूर्वेकडच्या मंडळीची खूण आहे. असेच क्रूस केरळात कोट्टयमला आहेत आणि 2001 साली गोव्यात आगशीलाही एक मिळाला. या क्रूसांवर येशूचा देह कोरलेला नसतो. टोके कळीसारखी फुललेली, खाली पानांची वेलबुट्टी, वर उतरणारे कबुतर. आजचे सुरियानी ख्रिस्ती तो पुनरुत्थानाचा क्रूस मानतात. मयिलापूरच्या सगळ्या अवशेषांत पौलाच्या जुन्या यादीला जवळचा असा हाच आहे. त्यात हाड नाही, जखम नाही, आणि उठणे आहे.

अवशेषांची ओढ मराठी वाचकाला परकी नाही. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखामेळा गेला, तेव्हा नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्याची हाडे ओळखली आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. संताचे हाड आणि संताची माती यांना हात लागावा, ही इच्छा धर्म विचारत नाही.

मयिलापूरला तर मृतोत्थानाची स्वतःची कथा आहे आणि ती ख्रिस्ती नाही. शिवनेसर या व्यापाऱ्याची मुलगी पूंपावै साप चावून मेली. वडिलांनी तिची हाडे आणि राख भांड्यात जपून ठेवली. सातव्या शतकातला शैव संत ज्ञानसंबंधर मयिलापूरच्या कपालीश्वर मंदिरात आला, त्याने पदे गायली आणि भांड्यातून मुलगी वाढलेल्या वयाची होऊन बाहेर आली. बापाने ती संबंधराला देऊ केली. आपण तिला जीव दिला, म्हणजे आपण तिचे वडील, असे म्हणून त्याने नाकारली. संबंधराच्या पदात मात्र ही गोष्ट अशी सांगितलेली नाही. मयिलापूरचे अमुक उत्सव पाहिल्यावाचूनच तू जाणार का, असे तो पूंपावैला कडव्यामागून कडव्यात विचारतो. संपूर्ण कथा बाराव्या शतकात सेक्किळारच्या पेरियपुराणात येते. आधी हाक आणि मग कथा, आधी यादी आणि मग कबर: पौलापासून योहानापर्यंत जी वाढ चाळीस वर्षांत झाली, तशीच इथे पाचशे वर्षांत झालेली दिसते. कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवात आठव्या दिवशी हा प्रसंग अजून साजरा होतो आणि पंगुनी महिना मार्च-एप्रिलमध्ये येत असल्याने पुष्कळदा ईस्टरच्या आगेमागेच.

या दोन परंपरांत एक भेद मात्र पुसता येत नाही. पूंपावै परत येते ती याच आयुष्यात, आणि कधी तरी पुन्हा मरण्यासाठी. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी उठवलेले सच्चिदानंदबाबा, योहानातला लाजार, थोमाच्या कृत्यांतली खून झालेली स्त्री, सगळे याच प्रकारातले. आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांनी येशूबद्दल केलेला दावा याहून वेगळा होता: तो पुन्हा मरणार नाही, आणि त्याच्या उठण्याने युगाचा शेवट सुरू झाला. पौलाचा आत्मिक देह याच दाव्यासाठी होता. लूकाचा भाजलेला मासा तो दावा थोडा लाजाराकडे ओढतो. योहानाने बंद दारे आणि उघड्या जखमा एकत्र ठेवून तोल सांभाळला. नंतरच्या लोककथांना तो तोल झेपला नाही, आणि ते स्वाभाविकच होते.

मयिलापूरकडे पाहणारे अभ्यासक आणि भाविक बहुधा एकच प्रश्न विचारतात: थोमा खरोखर इथे आला होता का? उपलब्ध पुराव्यावर त्याचे उत्तर हो असे देता येत नाही आणि नाही असेही नाही. पण हा प्रश्न या स्थळाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नव्हे. स्पर्शाची मागणी कुठे बंद झाली आणि तरीही ती कशी जिवंत राहिली, हे जिथे एका जागी पाहता येते अशी ठिकाणे थोडी आहेत. मयिलापूरमधल्या सांथोमचे आजचे निओ-गॉथिक चर्च 1896 सालचे आहे आणि त्याखालच्या कबरेच्या खोलीत रोज माणसे येतात. संत थॉमसचा सण तिथे 3 जुलैला साजरा होतो. सुरियानी पंचांगात ती तारीख थोमाची हाडे हिंदुस्थानातून एडेसाला पोहोचल्याची आहे.